दिवस वाचायचा, रात्र चालायची

'पर्सोना ३ पोर्टेबल'मध्ये शाळेचा जिना चढता येत नाही. प्लेस्टेशन २ वरच्या मूळ 'पर्सोना ३'मध्ये तो चढता यायचा. गळ्यात हेडफोन अडकवलेला, एका डोळ्यावर केस आलेला एक अबोल मुलगा गेक्कोकान हायस्कूलच्या दारातून आत शिरायचा, बुटांच्या कपाटांपाशी रेंगाळणाऱ्या मुलामुलींच्या गप्पा कानांवर घेत पुढे जायचा, जिना चढून वर्गाशी पोचायचा. तो गेम जपानमध्ये आला जुलै २००६ मध्ये. १ नोव्हेंबर २००९ ला अ‍ॅटलस कंपनीने तोच पीएसपीवर, म्हणजे सोनीच्या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आणला, तेव्हा हे चालणं कापलेलं होतं. आता व्हरांड्याचं एक स्थिर चित्र दिसतं आणि त्यावर एक खूण फिरवायची. खूण माणसावर नेली की त्याचं नाव उमटतं. बटण दाबलं की त्याचं कमरेपर्यंतचं चित्र समोर येतं, खाली संवाद. तेवढंही फिरायचं नसेल तर चौकोनाचं बटण दाबून ठिकाणांची यादी उघडायची आणि थेट गच्चीवर.

आरपीजी खेळणाऱ्याला ही काटछाट साधी वाटणार नाही. या प्रकारात कथा असते, लढाया असतात, पात्रांची ताकद वाढत जाते, पण या सगळ्याला धरून ठेवतो तो वावर. गावात शिरावं, चार दारं उघडून बघावीत, उगाच समुद्राकडे तोंड करून उभं राहावं. वावर गेला की जे उरतं त्याला गेम तरी म्हणायचं का, असं विचारणारे तेव्हाही होते. माझं मत वेगळं आहे. हातातल्या यंत्राने या गेमकडून जे काढून घेतलं, त्यातल्या निम्म्या गोष्टींनी कथेचं भलंच केलं. उरलेल्या निम्म्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे आणि तीही सांगेन.

कथा थोडक्यात अशी. एक दिवस संपून दुसरा सुरू होण्याच्या फटीत या जगात एक जादा तास असतो, डार्क अवर. बहुतेकांना तो कळतच नाही. त्या वेळात माणसं उभ्या शवपेट्या होऊन राहतात, दिवे विझतात, यंत्रं बंद पडतात, सगळ्यावर हिरवट उजेड पसरतो. थोड्यांना मात्र त्यात जाग असते. त्याच तासात शाळेच्या जागी टार्टारस नावाचा अडीचशेहून जास्त मजल्यांचा मनोरा उभा राहतो आणि त्यात शॅडो नावाचे जीव फिरत असतात. जाग असलेली मुलं एका वसतिगृहात राहतात, रात्री मनोरा चढतात. लढताना पिस्तुलासारखं दिसणारं इव्होकर स्वतःच्याच डोक्याला लावून चाप ओढतात आणि मनातली शक्ती, म्हणजे पर्सोना, बाहेर बोलावतात. दिवसा हीच मुलं तासाला बसतात, परीक्षा देतात, क्लबात जातात, मैत्री करतात. मैत्रीला इथे सोशल लिंक असं नाव आहे आणि ती वाढली की रात्रीची ताकद वाढते. कथा एप्रिल २००९ पासून पुढच्या मार्चपर्यंत चालते, कॅलेंडरचं एकेक पान उलटत. दिग्दर्शन कात्सुरा हाशिनो यांचं, पात्रांची चित्रं शिगेनोरी सोएजिमा यांची, संगीत शोजी मेगुरो यांचं. विषय मृत्यू. किशोरवयीन मुलांच्या गेमसाठी हा फार सरळ विषय आहे आणि गेम त्याच्याकडे तितक्याच सरळ नजरेने बघतो.

आता यंत्राचा हिशेब. पीएसपीचा पडदा ४.३ इंचांचा, ४८० बाय २७२ ठिपक्यांचा. त्याची यूएमडी चकती जास्तीत जास्त १.८ जीबी पेलणारी. प्लेस्टेशन २ ची साधी डीव्हीडी ४.७ जीबीची. सुरुवातीच्या पीएसपीत मेमरी ३२ एमबी. घरच्या टीव्हीसाठी बनवलेला, तासन् तास चालणारा, आवाजांनी भरलेला गेम यात बसवायचा म्हणजे काहीतरी सोडावं लागणार हे उघड होतं. हातातल्या यंत्रांवर जुने आरपीजी आणण्याची रीत तोवर रुळली होती. १९९४ चा 'फायनल फँटसी ६' २००६ मध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आला तो जवळपास मुळाबरहुकूम, रंग उजळ आणि आवाज पातळ होऊन. १९९५ चा 'क्रोनो ट्रिगर' २००८ मध्ये निन्टेन्डो डीएसवर आला तेव्हा मेनू आणि नकाशा खालच्या पडद्यावर सरकले आणि वरचं चित्र मोकळं झालं. अ‍ॅटलसनेच २००९ मध्ये पहिला 'पर्सोना' पीएसपीवर आणला, तोही मेगुरो यांच्या दिग्दर्शनाखाली, पण मूळ घडण राखून. सगळीकडे वृत्ती एकच होती, जुनं जपून न्यायचं. 'पर्सोना ३ पोर्टेबल'च्या कर्त्यांनी मात्र गेमचा अर्धा भाग दुसऱ्याच प्रकारात लिहून काढला. दिवसाचा सगळा भाग त्यांनी व्हिज्युअल नॉव्हेल केला, म्हणजे जपानमध्ये लोकप्रिय असलेला, चित्र आणि मजकूर मिळून वाचायचा प्रकार.

आपल्याकडे नाटकाचं अभिवाचन होतं, तसं हे झालं. नेपथ्य नाही, हालचाल नाही, चार नट संहिता हातात घेऊन खुर्च्यांवर बसलेले. प्रयोगात जे पाठ फिरवून जाण्यातून कळायचं ते इथे स्वरातून कळायला लागतं, आणि मूळ संहितेत दम नसेल तर पहिल्या दहा मिनिटांत उघडं पडतं. 'पर्सोना ३'ची संहिता या परीक्षेला उतरते. नागानाकी मंदिरापाशी रविवारी भेटणारा अकिनारी हा आजारी तरुण घ्या. त्याच्या दुखण्याला उपाय नाही, हे त्याला माहीत आहे. तो वहीत एक गोष्ट लिहितोय, गुलाबी रंगाच्या मगरीची. त्या रंगामुळे तिला कुठे लपता येत नाही, शिकार साधत नाही. मूळ गेममध्ये बाकावर दोन त्रिमितीय बाहुल्या बसलेल्या दिसायच्या, हात थोडे हलायचे. त्या हलण्यात फारसं काही नव्हतं, खरं सांगायचं तर ते जरा विनोदीच दिसायचं. पीएसपीवर उरतात अकिनारीचं खंगलेलं चित्र आणि त्याचे शब्द. आपण एका माणसाची गोष्ट वाचतोय आणि तो आपल्याला त्याची गोष्ट वाचून दाखवतोय. दोन्हीकडे वाचनच. मला हा भाग मोठ्या पडद्यावर कधी इतका भिडला नाही.

पण खरी गंमत रात्री आहे. टार्टारसमध्ये चालणं शाबूत आहे. तिथे तोच मुलगा पुन्हा त्रिमितीय शरीर घेऊन उभा राहतो, मार्गिकांमधून धावतो, कोपऱ्यावर वळतो, शॅडोच्या पाठीमागून जाऊन वार करतो. लढाईही पूर्ण, हालचालींसकट. कारण साधंच असणार, मनोऱ्यातल्या मार्गिका एकसारख्या आणि यंत्राला स्वस्त पडणाऱ्या, तर शहर म्हणजे शंभर वेगवेगळे कोपरे. कारण काहीही असो, परिणाम बघा. दिवसा आपल्याला शरीर नाही. आपण नुसती नजर आहोत, चित्रावरून फिरणारी एक खूण. मध्यरात्र उलटली, बाकीचं जग शवपेट्यांत बंद झालं, की आपल्याला हातपाय फुटतात. ज्या तासाला बाकी कुणी जिवंत नाही त्याच तासात आपण धडधाकट. या कथेचा नायक लहानपणीच्या एका अपघातापासून मृत्यू अंगात बाळगून जगतोय, हे पुढे कळतं. तो दिवसा लोकांत वावरतो पण पुरता तिथला नसतो. मूळ गेमला हे संवादांतून सांगावं लागत होतं. पीएसपीवर बोटांनाच ते जाणवतं. कर्त्यांनी हे ठरवून केलं की अडचणीतून निपजलं, याच्या शोधात मला रस नाही. कलाकृतीत जे दिसतं ते तिचंच.

स्थिर चित्राचा आणखी एक फायदा वसतिगृहाच्या दिवाणखान्यात कळतो. रोज संध्याकाळी तेच चित्र, तोच कोन. सोफा, जेवणाचं टेबल, मागची खोली. मित्सुरू कुठे बसते, जुनपेई कुठे, कोरोमारू हा पांढरा कुत्रा कुठे, ते ठरलेलं. मूळ गेममध्ये कॅमेरा आपल्याबरोबर हलायचा, त्यामुळे माणसांच्या जागा डोक्यात पक्क्या व्हायच्या नाहीत. इथे होतात. सप्टेंबरमध्ये शिंजिरो गटात परततो. उंच, लांब कोटातला, तोंडाने फटकळ, चांगला स्वयंपाक येणारा हा मुलगा संध्याकाळी त्या चित्रात एक जागा धरतो. ४ ऑक्टोबरच्या पौर्णिमेला लहानग्या केनला वाचवताना त्याला गोळ्या लागतात. त्यानंतरच्या संध्याकाळी पडद्यावर तेच चित्र येतं, कोन तोच, उजेड तोच. काहीही सांगावं लागत नाही. डोळा आपोआप एका ठिकाणी जातो आणि खूण तिथे नेली तर नाव उमटत नाही. चित्रपटाला यासाठी एक लांब शॉट घ्यावा लागला असता.

मात्र शिंजिरोचं पूर्ण सांगायचं तर पीएसपीच्या आवृत्तीतली सगळ्यात मोठी भर सांगितली पाहिजे. चकतीवरची वाचलेली जागा आणि माणसांचे वाचलेले कष्ट कुठे गेले, तर एका मुलीकडे. गेम सुरू करताना आता विचारलं जातं, नायक हवा की नायिका. नायिका निवडली तर मेनूचा निळा रंग गुलाबी होतो, हातात तलवारीऐवजी नागिनाता येतो, म्हणजे लांब दांड्याचं जपानी पातं, शाळेतलं आणि लढाईतलं संगीत बदलतं. लढाईचं 'वायपिंग ऑल आऊट' हे गाणं मूळच्या 'मास डिस्ट्रक्शन'पेक्षा चपळ आहे आणि मला जास्त आवडतं, हे इथे नोंदवून टाकतो. गुलाबी रंगाबद्दल नाक मुरडायला जागा आहे, पण ते फार वरवरचं झालं. महत्त्वाचं हे की तिच्या तोंडी येणारे पर्याय वेगळे लिहिले आहेत. मूळ नायक खांदे उडवणारा, कशाचंच काही न वाटणारा. ही हसते, चिडवते, फटकारते. तिचा शेवट त्याच्यासारखाच असणार हे माहीत असल्यावर तिचं हसणं जास्त लागतं.

तिच्यामुळे मूळ गेममधली एक विचित्र गोष्टही उघड झाली. मैत्रीची एवढी महती गाणाऱ्या त्या गेममध्ये ज्यांच्या खांद्याला खांदा लावून नायक मनोरा चढायचा, त्या मुलांशी त्याची सोशल लिंकच नव्हती. जुनपेई त्याच्या वर्गात, त्याच वसतिगृहात, रोज रात्री लढाईत, आणि तरी त्याच्याशी नातं वाढवायची सोय नाही. अकिहिको, शिंजिरो, केन यांच्याशीही नाही. गटातल्या मुलींशी होती, पण तिथे मैत्री शेवटाकडे गेली की प्रेमात पडल्यावाचून सुटका नव्हती. नायिकेच्या वाटेवर हे सगळं नव्याने मांडलं. युकारी, मित्सुरू, फूका तिच्या मैत्रिणी होतात, नुसत्या मैत्रिणी. जुनपेई तिच्याशी घरच्या गोष्टी बोलतो. टेनिस किंवा व्हॉलीबॉलच्या मैदानावरची रिओ, ग्रंथालयातली बुजरी साओरी ही नवी माणसं येतात. प्रेम हवं तर आहे, सक्ती नाही. सगळंच जमलंय असं नाही. प्राथमिक शाळेत असलेल्या केनच्या नात्याला दिलेली प्रेमाची छटा मला खटकते. तिथे कर्त्यांनी हात आवरायला हवा होता.

आणि शिंजिरो. नायिकेला त्याच्याशी संध्याकाळी दिवाणखान्यात बसून बोलता येतं, पण मुदत थोडी, सप्टेंबरच्या सुरुवातीपासून ४ ऑक्टोबरपर्यंत. एवढ्या दिवसांत त्याच्यासाठी वेळ काढला आणि त्याचं हरवलेलं खिशातलं घड्याळ पोलीस ठाण्यातून मिळवून त्याला परत दिलं, तर तो मरत नाही. गोळी घड्याळावर बसते आणि तो बेशुद्धावस्थेत जगतो. मृत्यू अटळ असल्याचं सांगणाऱ्या कथेने एका माणसापुरती ही फट ठेवावी का, यावर वाद घालता येईल. मला ती योग्य वाटते, कारण किंमत पुरेपूर वसूल केली आहे. त्याच महिन्याच्या संध्याकाळी तुम्हाला इतर दहा कामं असतात. ज्याने कॅलेंडरकडे कोरड्या हिशेबाने पाहिलं त्याला शिंजिरो मिळत नाही. वेळ हेच या गेममधलं खरं नाणं आहे, आणि ते कुठे खर्चलं याची पावती इथे हातात मिळते.

वेळेवरून आठवलं. कॅलेंडरचा हा आराखडा हातातल्या यंत्रासाठीच बेतलेला असावा इतका तिथे शोभतो. कथेतला एक दिवस काही मिनिटांत उरकतो. पीएसपीची कळ वर सरकवली की यंत्र झोपतं, पुन्हा सरकवली की तिथूनच पुढे. दोन स्टेशनांच्या मध्ये मंगळवार संपतो. खेळणाऱ्याच्या कानात हेडफोन, पडद्यावरच्या मुलाच्या गळ्यात हेडफोन, आणि कथेची सुरुवातही रात्रीच्या आगगाडीतच होते. शिवाय एक योगायोग आहे, तो मला फार आवडतो. २००६ साली लिहिलेल्या कथेत २००९ हे पुढचं साल होतं. पोर्टेबल आवृत्ती जपानमध्ये विकायला आली त्या रविवारी कथेतलं कॅलेंडर आणि भिंतीवरचं कॅलेंडर एकाच पानावर होतं. दोन दिवसांनी, ३ नोव्हेंबरला, कथेतली मुलं शेवटच्या पौर्णिमेची म्हणून एक लढाई लढतात.

आता तक्रार. मूळ गेममध्ये लढाईत फक्त नायक तुमच्या हुकमात असायचा. बाकीच्यांना धोरण सांगायचं, बरं करण्यावर भर दे किंवा सगळे मिळून एकालाच झोडा, पुढे ते आपल्या बुद्धीने वागणार. मित्सुरू ऐन मोक्याला शत्रूला मोहात पाडायचा मंत्र टाकायची आणि खेळणारे कपाळावर हात मारायचे. तिच्यावरचे विनोद अजून चालतात. पीएसपीवर 'पर्सोना ४'प्रमाणे सगळ्यांना थेट हुकूम देता येतो. लढाई सोपी झाली, नीटनेटकी झाली, आणि माझ्या मते कथेच्या गाभ्याला धक्का लागला. दुसरा माणूस तुमच्या इच्छेने चालत नाही, त्याच्या चुकांसकट त्याच्यावर विसंबावं लागतं, हीच तर सोशल लिंकची शिकवण. दिवसा ती पाळायची आणि रात्री सगळ्यांना सोंगट्यांसारखं हलवायचं, हे जुळत नाही. कर्त्यांना याची कल्पना असावी, कारण भरपाई म्हणून त्यांनी एक सुंदर गोष्ट घातली. नातं पक्कं झालेला सहकारी नायिकेवर येणारा जीवघेणा घाव मध्ये पडून स्वतःवर घेतो, न सांगता. तेवढ्यापुरती त्याची इच्छा त्याला परत मिळते. थेट हुकमाची सोय बंद ठेवून खेळता येतं आणि मी तसंच सुचवेन, पण सोय समोर असताना ती न वापरणारे किती?

थकव्याचंही तसंच. आधी मनोऱ्यात चढता चढता मुलं दमायची, खाली यावं लागायचं. आता दमतात ती बाहेर आल्यावर. एका रात्रीत जमेल तितकं चढा. इथे मी जरा ढिला आहे, कारण टार्टारसच्या मार्गिका मुळातच कंटाळवाण्या होत्या.

अ‍ॅनिमेशनचे प्रसंग गेले, ते मात्र खरं नुकसान. त्यांच्या जागी स्थिर पार्श्वभूमी, आवाज आणि काही ठिकाणी लढाईतल्याच बाहुल्या आहेत. मूळ सुरुवातीला बारा वाजताच नायकाचं गाणी वाजवणारं यंत्र बंद पडतं, तो ते खालीवर करून बघतो आणि हिरव्या उजेडात शवपेट्यांमधून चालत जातो. तो थंडपणा मजकुरात उतरत नाही. २००७ च्या 'फेस' या वाढीव आवृत्तीत जोडलेला 'द अ‍ॅन्सर' हा उत्तरभागही पीएसपीवर नाही. त्याची मला तितकी खंत वाटत नाही. ५ मार्चला गच्चीवर नायकाने आयगिस या सहकारी मुलीच्या मांडीवर डोकं टेकल्यानंतर आणखी तीस तास लढाया कुणाला हव्यात?

पुढची हकिकत उलट्या दिशेची आहे. जानेवारी २०२३ मध्ये अ‍ॅटलसने 'पर्सोना ३' नव्या यंत्रांवर आणला तेव्हा निवडली ती हीच पीएसपीची आवृत्ती. स्विच, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स आणि संगणकावर ती आली. हातासाठी बेतलेली चित्रं टीव्हीभर ताणली गेली आणि अनेकांना ती बापुडवाणी वाटली. अभिवाचन मोठ्या नाट्यगृहात नेलं की मागच्या रांगेला काय दिसणार? फेब्रुवारी २०२४ मध्ये मग 'पर्सोना ३ रीलोड' आला, सगळं नव्याने बांधून. चालणं परतलं, अ‍ॅनिमेशन परतलं, शाळेचा जिनाही. जुनपेई, अकिहिको, शिंजिरो यांच्याबरोबर स्वतंत्र प्रसंग घातले. गटातल्या मुलांशी बोलायला जागा हवी, ही जाणीव पोर्टेबलच्या नायिकेनेच आधी दिली होती. पण ती स्वतः तिथे नाही. तिच्यावाचून शिंजिरोला कुणी वाचवत नाही, आणि 'रीलोड'मध्ये ४ ऑक्टोबरला तो जातोच.